मोठ्या दुर्घटनेनंतर रक्तदान: त्याच रात्री धावायचं की थांबायचं?

प्रश्न एका सार्वजनिक मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आहे. जवळपास रेल्वेचा अपघात झाला, स्फोट झाला, इमारत कोसळली की मंडळातली पोरं लगेच रक्त द्यायला निघतात. मागच्या खेपेला रक्तपेढीने त्यांची नावं आणि ब्लड ग्रुप लिहून घेतले आणि 'बोलावू तेव्हा या' म्हणून परत पाठवलं. पोरं हिरमुसली. मग अशा वेळी रक्त लागतं की नाही? आणि मंडळाने तातडीने शिबिर भरवावं का?

रक्तपेढीने परत पाठवलं ते योग्य केलं आणि नावं लिहून घेतली ते फार चांगलं केलं. ज्या जखमीला पहिल्या तासाभरात रक्त चढतं, त्याला तुम्ही आज रात्री दिलेलं रक्त मिळत नाही. त्याला मिळतं ते आठ-पंधरा दिवसांपूर्वी कुणीतरी देऊन ठेवलेलं, तपासून फ्रिजमध्ये लावलेलं रक्त. तुमचं रक्त त्या फ्रिजमधली रिकामी झालेली जागा भरतं. कोणत्या ग्रुपची किती जागा रिकामी झाली, हे रक्तपेढीला कळायला निदान एक रात्र जावी लागते. म्हणून रक्त द्यायचंच आहे, फक्त त्याची वेळ रक्तपेढीला ठरवू द्यायची.

आज रात्रीचं रक्त आजच का वापरता येत नाही, ते आधी सांगतो. दंडातून पिशवी भरायला ५ ते १० मिनिटं पुरतात. वेळ जातो तो पुढे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच तपासण्या कायद्याने बंधनकारक आहेत. एलायझा पद्धतीची एक फेरी पूर्ण व्हायला अडीच-तीन तास लागतात. ती एका पिशवीसाठी लावत नाहीत, ९६ खणांच्या प्लेटवर बरेच नमुने एकत्र घेतात. म्हणजे नमुने जमेपर्यंत थांबणं आलं. शंकास्पद निकाल आला तर तो नमुना पुन्हा लावावा लागतो. रक्तगट पेशींवरून एकदा आणि सीरमवरून (रक्तातल्या द्रव भागावरून) एकदा असा दोन बाजूंनी तपासतात, आणि दोन्ही जुळले तरच पिशवीवर अंतिम लेबल लागतं. तोवर पिशवी वेगळ्या कप्प्यात अडकून असते. नॅट चाचणीसाठी (विषाणूचा अंश थेट शोधणारी चाचणी) नमुने दुसऱ्या केंद्रात जात असतील तर आणखी वेळ. रात्री ८ वाजता दिलेलं रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी मोकळं होतं, असं धरून चाला. रॅपिड कीटवर अर्ध्या तासात उत्तर मिळतं हे खरं, पण पहिल्यांदाच रक्त देणाऱ्यांची गर्दी असताना केवळ त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. का ते पुढे येईल.

आता रुग्णालयाच्या बाजूने बघू. जखमी कॅज्युअल्टीत आला, रक्तदाब उतरलेला, थांबायला वेळ नाही, तर क्रॉसमॅच (रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ही तपासणी) न करता ओ निगेटिव्ह पिशवी लावतात. आपल्याकडे आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात पाचच्या आसपास आणि त्यातही ओ निगेटिव्ह जेमतेम दोन. म्हणून पुरुषांना आणि मूल होण्याचं वय उलटलेल्या बायकांना अशा वेळी ओ पॉझिटिव्ह देतात, आणि ओ निगेटिव्ह मुली व तरुण स्त्रियांसाठी राखून ठेवतात. रुग्णाचा नमुना मिळाला की १०-१५ मिनिटांत ग्रुप कळतो आणि त्याच्याच ग्रुपची पिशवी देता येते. पूर्ण क्रॉसमॅचला पाऊण ते एक तास लागतो. तोवर बरेच गंभीर जखमी ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेले असतात. या सगळ्या पायऱ्यांत नव्या दात्याला जागाच नाही. सगळा भार आधीच्या साठ्यावर पडतो, आणि त्यातही ओ ग्रुपवर सर्वांत जास्त.

रक्त किती लागतं याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. बातमीतला मृतांचा आकडा बघून लोक हिशेब करतात, पण त्या आकड्याचा रक्ताच्या गरजेशी थेट संबंध नसतो. रक्त लागतं ते जिवंत पोहोचलेल्या आणि भरती झालेल्या जखमींना, आणि त्यांच्यातही थोड्यांनाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं गेली. अशा भूकंपात मृतांच्या मानाने रक्ताची मागणी कमी असते. ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्यांना सुरुवातीला सलाईन आणि मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिस अधिक लागतं. भाजलेल्यांनाही पहिल्या दोन दिवसांत सलाईनच जास्त लागतं. स्फोट, गोळीबार आणि रेल्वेचे अपघात यांत मात्र हातपाय तुटणं, पोटात रक्तस्राव असे प्रकार जास्त, म्हणून तिथे पहिल्या सहा तासांतच साठ्याला मोठा खड्डा पडतो. रक्तपेढ्या नियोजनासाठी भरती झालेल्या प्रत्येक जखमीमागे ३ पिशव्या धरतात. २०१७ मध्ये लास वेगासला संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार झाला, तेव्हा भरती झालेल्या सुमारे २२० जखमींना पहिल्या २४ तासांत लाल पेशी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मिळून सुमारे ५०० पिशव्या लागल्या. म्हणजे तीनचा अंदाज सढळच ठरला.

न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत लोकांनी रांगा लावून सुमारे पावणेपाच लाख पिशव्या रक्त दिलं. जखमींना प्रत्यक्षात लागल्या २६० च्या आत. माणसं एकतर गेली होती, नाहीतर थोडक्यात बचावली होती. पुढे मुदत संपलेल्या पिशव्या फार मोठ्या संख्येने टाकून द्याव्या लागल्या. ज्यांनी दिलं त्यांच्या भावनेत काही खोट नव्हती. पण ते रक्त एकदम न घेता चार महिन्यांत थोडंथोडं घेणारी यंत्रणा नव्हती. अनेक रक्तपेढ्यांनी आपली आपत्तीची नियमावली त्यानंतर नव्याने लिहिली.

मुंबईत ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत सात स्फोट झाले, सातशेहून अधिक माणसं जखमी झाली. केईएम, सायन, कूपर, भाभा, भगवती अशा रुग्णालयांत जखमी विखुरले आणि त्यांच्यामागोमाग रक्त द्यायला माणसं आली. ओडिशात २ जून २०२३ ला बहानगा बाजार स्टेशनजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला, तेव्हा बालासोरमध्ये तरुणांनी रात्रभर रांगा लावून सुमारे पाचशे पिशव्या भरल्या. या दोन घटनांत एक फरक आहे आणि तो तुमच्या निर्णयासाठी कामाचा आहे. मुंबईसारख्या शहरात डझनावारी रक्तपेढ्या आहेत, एकीचा साठा उतरला तर दुसरी अर्ध्या तासात देते. जिल्ह्याच्या गावी एक-दोनच रक्तपेढ्या असतात, तालुक्याला तर नुसतं साठवणूक केंद्र, ज्यात मोजक्या पिशव्या. तिथे हजार जखमी आले तर त्या रात्रीच्या दात्यांचं रक्त दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियांना खरोखर कामी येतं. तरीसुद्धा पहिल्या तासांची गरज भागवायला शेजारच्या जिल्ह्यातून तयार पिशव्या शीतपेटीत घालून आणणं हाच जलद मार्ग. १०० किलोमीटरला दोन तास लागतात, नव्या पिशवीला बारा. रक्तपेढ्यांनी आपसांत साठा हलवायला २०१५ पासून अधिकृत परवानगी आहे, तेव्हा ती सोय वापरावी.

गरजेची दुसरी लाट उशिरा येते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. घटनेनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे जखमा पुन्हा पुन्हा साफ करणं, हाडांच्या शस्त्रक्रिया, भाजलेल्यांना त्वचा लावणं चालू असतं. यातल्या प्रत्येक खेपेला रक्त लागू शकतं. त्या वेळेपर्यंत टीव्हीवरचे कॅमेरे हटलेले असतात आणि दात्यांची रांगही. तुमची पोरं तेव्हा आली तर रक्तपेढी त्यांना दारातूनच आत घेईल.

एकदम आलेली गर्दी रक्तपेढीत नेमकं काय करते, ते दात्यांना दिसत नाही. एका पिशवीचे लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे भाग करायचे तर ती थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी लागते. यंत्रात एका वेळी सहा किंवा बारा पिशव्या बसतात आणि एक फेरी भरणं-उतरवणं धरून अर्धा तास घेते. प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा तासांच्या आत, गोठवायचा प्लाझ्मा आठ तासांच्या आत वेगळा व्हायला हवा. रात्रीतून २०० पिशव्या जमल्या तर एका यंत्रावर हे जमत नाही. मग अर्ध्याअधिक पिशव्या संपूर्ण रक्त म्हणूनच ठेवाव्या लागतात आणि ज्या दोन भागांची मोठ्या रक्तस्रावात तितकीच गरज असते ते वाया जातात. नुसत्या लाल पेशी चढवत राहिलं तर रुग्णाचं रक्त गोठायचं थांबतं, म्हणून हल्ली मोठ्या रक्तस्रावात पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट जवळपास सारख्या प्रमाणात देतात.

मुदतीचा हिशेबही समजून घ्या. सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) घातलेलं रक्त २ ते ६ अंशांवर ३५ दिवस टिकतं, सॅगएम हे पेशी टिकवणारं द्रावण घातलेल्या लाल पेशी ४२ दिवस, प्लेटलेट २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवून फक्त ५ दिवस, आणि उणे ३० अंशांवर गोठवलेला प्लाझ्मा एक वर्ष. एका रात्री आलेल्या पिशव्यांची मुदतही एकाच दिवशी संपते. शिवाय पुरुषांना पुढचं रक्तदान ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी करता येतं. म्हणजे आज गावातल्या सगळ्या ओ पॉझिटिव्ह पोरांनी रक्त दिलं, तर पाच-सहा आठवड्यांनी साठा संपतो आणि त्याच पोरांना अजून दीड-दोन महिने हात पुढे करता येत नाही. हा मधला काळ थॅलॅसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना सर्वांत जड जातो. त्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढतं. त्यांची तारीख दुर्घटना बघून पुढे ढकलता येत नाही. महाराष्ट्रात हा अनुभव दुर्घटनेशिवायही येतो. जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट यांना शिबिरांची रेलचेल, आणि मे महिन्यात किंवा दिवाळीत रक्तपेढ्या रिकाम्या.

मग त्या रात्री कुणीच जायचं नाही का? काहींनी जायचं, पण फोन आल्यावर. ओ निगेटिव्ह आणि एकूणच निगेटिव्ह ग्रुपवाल्यांना रक्तपेढी स्वतः बोलावते. दुसरे म्हणजे यंत्रावर नुसत्या प्लेटलेट देणारे दाते. एका दात्याकडून तासा-दीड तासात रुग्णाला पुरेल एवढी मात्रा मिळते, लाल पेशी दात्याला परत जातात आणि ४८ तासांनी तो पुन्हा देऊ शकतो (आठवड्यात दोनदा, वर्षात २४ वेळा अशी मर्यादा आहे). दंडाची शीर ठसठशीत असलेल्या दोघा-तिघांनी आधीच रक्तपेढीत शीर दाखवून या कामासाठी नाव लावून ठेवावं. त्यांनी घाईत साधं रक्तदान केलं तर पुढचे २८ दिवस प्लेटलेटसाठी ते बाद होतात. तिसरा प्रकार बॉम्बे ब्लड ग्रुपचा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी मुंबईत शोधलेला हा गट. ही माणसं साध्या तपासणीत ओ वाटतात, पण ओचं रक्तही त्यांना चालत नाही. सीरमकडून तपासताना ओ पेशींच्या नळीतही गुठळी दिसली तर तिथे शंका घ्यायची. घाईत नेमकी हीच नळी वगळली जाते. कुणाला आपला गट बॉम्बे असल्याचं माहीत असेल, तर त्याने आपल्या भागातल्या मोठ्या रक्तपेढीकडे तशी नोंद असल्याची आताच खात्री करून घ्यावी.

रक्त देण्याचे निकष आपत्तीतही बदलत नाहीत. वय १८ ते ६५, पहिल्यांदाच देत असाल तर ६० पर्यंत. ३५० मिली पिशवीसाठी वजन निदान ४५ किलो, ४५० मिलीसाठी ५५ च्या वर. हिमोग्लोबिन १२.५, वरचा रक्तदाब १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९०, नाडी मिनिटाला ६० ते १००. गोंदवून घेतलं असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर एक वर्ष थांबायचं. दात काढला असेल किंवा डेंगी होऊन गेला असेल तर सहा महिने, मलेरियानंतर तीन महिने. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, तसंच पाळीच्या दिवसांत रक्त द्यायचं नाही. उपाशीपोटी कुणीच नाही, चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं.

दुर्घटनेच्या जागी सर्वांत जास्त बाद होतात ते बचावकार्य करून थेट आलेले कार्यकर्ते. रात्रभर झोप नाही, पोटात नुसता चहा, अंग थकलेलं, आणि पत्रा लागला म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं. त्या इंजेक्शननंतर १४ दिवस रक्त घेत नाहीत. जागरण झालेल्यालाही नाही. आणि रक्त देऊन पुन्हा ढिगारा उपसायला जाणं तर अजिबात नको. त्या दिवशी जड उचलायचं नसतं, उंचावर चढायचं नसतं. मंडळात आधीच दोन गट पाडा, मदतीला जाणारे वेगळे आणि रक्त देणारे वेगळे.

गर्दीत तपासण्या कशा घसरतात याचा एक नमुना देतो. शिबिरात हिमोग्लोबिन बहुतेक ठिकाणी मोरचुदाच्या निळ्या द्रावणावर बघतात. त्याची विशिष्ट घनता १.०५३ ठेवलेली असते. बोटातून काढलेला थेंब पृष्ठभागापासून साधारण एक सेंटिमीटर वरून सोडायचा. तो १५ सेकंदांच्या आत बुडत गेला तर हिमोग्लोबिन १२.५ किंवा वर आहे. तरंगला किंवा मध्येच रेंगाळला तर कमी. ३० मिली द्रावणात २५ थेंब झाले की ते ओतून नवं घ्यावं लागतं. रांग दारापर्यंत गेली की पहिला विसर याच गोष्टीचा पडतो. मग तळाशी तपकिरी साका दिसायला लागतो, द्रावणाची घनता बदलते आणि निकालाचा भरवसा राहत नाही. बोट जोरात पिळून काढलेला थेंब पातळ असतो, थेंबात हवेचा बुडबुडा अडकला तर तो तरंगतो, आणि धडधाकट दाता घरी जातो. तुम्ही स्वयंसेवक म्हणून टेबलापाशी उभे असाल तर द्रावण कधी बदललं हे विचारायला संकोच करू नका.

याहून गंभीर चूक नंबरांची. पिशवी, तिच्या जोडपिशव्या, दोन्ही नमुना-नळ्या आणि दात्याचा फॉर्म या सगळ्यांवर एकच नंबर खाटेपाशीच, दाता समोर असताना लागला पाहिजे. 'नंतर लावू' म्हणून नळ्या ट्रेमध्ये जमा केल्या की अदलाबदल होते. मग एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या पिशवीवर जातो. चुकीच्या ग्रुपचं रक्त रुग्णाला मारू शकतं. म्हणून एका खाटेचं काम पूर्ण झाल्याशिवाय तो कर्मचारी दुसऱ्या खाटेकडे वळू नये, एवढी गर्दी मंडळाने अडवून धरायची.

नुसत्या रॅपिड कीटवर विसंबू नये असं आधी म्हटलं, ते नव्या दात्यांमुळे. नियमित दात्याची तपासणी दर तीन-चार महिन्यांनी झालेली असते, पहिल्यांदा आलेल्याची कधीच नाही. नुकत्या झालेल्या संसर्गात काही काळ तपासणी निगेटिव्हच येते. एलायझावर एचआयव्हीसाठी हा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो, हिपॅटायटिस सीच्या अँटीबॉडीसाठी त्याहून बराच जास्त. त्यावर मुख्य इलाज म्हणजे दात्याने प्रश्नावलीची खरी उत्तरं देणं. दुर्घटनेनंतर सगळे मित्र एकत्र आलेले असतात, फोटो निघत असतात, अशा वेळी 'मला द्यायचं नाही' म्हणायला माणूस लाजतो आणि खोटं लिहितो. म्हणून डॉक्टरांशी बोलण्याची जागा आडोशाला हवी आणि परत आलेल्याला कुणीही 'का रे, काय झालं?' विचारायचं नाही. रक्त देऊन झाल्यावरही मनात शंका आली तर रक्तपेढीला फोन करून आपला नंबर सांगावा. ती पिशवी बाजूला काढतात, कारण विचारत नाहीत.

नातेवाइकांचा एक आग्रह अशा वेळी हमखास असतो: माझंच रक्त माझ्या भावाला द्या. सख्ख्या नातेवाइकाचं रक्त उलट जास्त जोखमीचं असतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे टिकतात आणि क्वचित त्याच्याच अवयवांवर हल्ला करतात. हा प्रकार बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. तो टाळायला पिशवीला किरणांचा मारा द्यावा लागतो आणि ती सोय मोजक्याच केंद्रांत असते. नवऱ्याचं रक्त मूल होण्याच्या वयातल्या बायकोलाही शक्यतो देत नाहीत, पुढच्या गरोदरपणात त्रास होऊ शकतो. भाऊ साठ्यातल्या पिशवीवर उभा राहतो, तुम्ही सवडीने साठ्यात भर घाला.

चक्कर येणं ही रांगेतली नेहमीची अडचण. पहिलटकर, उन्हात तासभर उभा, काही खाल्लेलं नाही आणि समोर जखमी बघितलेले. अशाला सुई लागण्याआधीच घाम फुटतो. खाटेवर घेण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी पाजा, खाटेवर असताना मांड्या आणि पोटऱ्या आवळायला-सोडायला सांगा. चेहरा पांढरा पडला, जांभया सुरू झाल्या तर सुई काढून पाय वर घ्यायचे. झाल्यावर १०-१५ मिनिटं बसवून सरबत-बिस्किट द्यायचं आणि पहिल्यांदा उभं राहताना कुणीतरी जवळ हवंच. बहुतेक जण खाटेवर पडत नाहीत, चहाच्या टेबलाशी किंवा जिन्यात पडतात.

व्हॉट्सॲपवरचे निरोप हा वेगळाच ताप आहे. 'तातडीने बी निगेटिव्ह हवं' असा तीन वर्षांपूर्वीचा निरोप नव्या घटनेला जोडून फिरतो, आणि कॅज्युअल्टीच्या दारात शंभर दुचाकी लागून ॲम्ब्युलन्स अडकते. निरोपात तारीख-वेळ, रुग्णालय, ग्रुप, किती पिशव्या आणि फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर नसेल तर पुढे पाठवू नका. असेल तर आधी स्वतः फोन लावा. गरज भागली की 'भागली' हा निरोपही तितक्याच ग्रुपांवर टाका. कोणत्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे हे सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलवर दिसतं. आकडे थोडे मागे-पुढे असू शकतात, म्हणून खात्री फोनवर करायची.

आता तुमच्या मंडळाने काय करावं. एक वही घाला: नाव, ग्रुप, वजन, मागच्या रक्तदानाची तारीख, फोन. ग्रुप रक्तपेढीच्या कार्डावरून लिहा, तोंडी ऐकून नको. घटना घडली की एकाच माणसाने जवळच्या रक्तपेढीला फोन करायचा आणि सांगायचं, 'आमच्याकडे ओ पॉझिटिव्ह तीस, बी पॉझिटिव्ह पंचवीस, निगेटिव्ह चार आहेत, कधी पाठवू?' समजा ८० जण तयार आहेत. चार तुकड्या करा. पहिली वीस जणांची रक्तपेढीने बोलावलं तरच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दुसरी तुकडी दहाव्या दिवसाच्या आसपास, तिसरी महिन्याने, चौथी दोन महिन्यांनी. चौथीनंतर महिन्याभराने पहिलीचे ९० दिवस भरतात. बायकांची तुकडी लावताना १२० दिवस मोजा.

शिबिर घ्यायचं तर ते परवानाधारक रक्तपेढीचं पथकच घेऊ शकतं, मंडळ फक्त जागा, माणसं आणि व्यवस्था देतं. घटनेच्या दिवशी रक्तपेढीचे कर्मचारी रुग्णालयात गुंतलेले असतात, त्यांना शिबिरासाठी बाहेर ओढू नका. दोन-तीन आठवड्यांनंतरचा रविवार मागून घ्या. एका खाटेवर तासाला साधारण तीन दाते होतात. पाच तासांत शंभर जणांचं करायचं तर सात खाटा लागतात. दात्यांना अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या, म्हणजे रांग वाढत नाही. हवेशीर किंवा वातानुकूलित खोली बघा, मांडवात दुपारी नको. वीज गेली तर काय, ते आधी ठरवा. पथकाला विचारून घ्या की प्लेटलेट काढणार आहेत का. काढणार असतील तर पिशव्या २० ते २४ अंशांवर न्यायच्या असतात, बर्फात नाही, आणि गाडी सहा तासांचं गणित जमेल अशी अर्ध्यातच एक फेरी मारून यायला हवी. नसतील काढणार तर थंड पेटी, पण बर्फाचा खडा पिशवीला थेट टेकता कामा नये, पेशी फुटतात. रक्ताच्या बदल्यात पैसे किंवा किमती वस्तू देता येत नाहीत, तेव्हा हेल्मेट-मिक्सरची जाहिरात करू नका. किती पिशव्या जमवायच्या हा आकडा रक्तपेढीकडून लेखी घ्या. तो गाठला की उरलेल्यांच्या नावापुढे वहीत पुढची तारीख लिहा आणि त्यांना चहा देऊन घरी पाठवा.